जुन्या दुकानाचा स्टुडिओ करायचाय? आधी भिंती ऐका, माइक नंतर घ्या

मार्चमध्ये एका रात्री साडेअकराला शाळेतल्या मित्राचा मेसेज आला. ऑनलाइन शॉपिंगच्या कार्टचा स्क्रीनशॉट होता. कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, मॉनिटर स्पीकरची जोडी आणि काळ्या फोमच्या चोवीस लाद्या. खाली एकच ओळ: "ऑर्डर करू का?"

मित्राचं घराणं कापडवाल्यांचं. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांची दुमजली इमारत आहे. पुढे रस्त्याकडे तोंड करून दोन गाळे, वर माळ्यावर एक खोली आणि मागे जुनं गोडाऊन. गेल्या दिवाळीनंतर दुकान बंद झालं. आता याला तिथे रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचाय. गावात भजनी मंडळं आहेत, यूट्यूबवर गाणी टाकणारी पोरं आहेत, लग्नाची गाणी करून घेणारे आहेत. सगळे रेकॉर्डिंगला जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. त्याच्या वडिलांचं, म्हणजे काकांचं म्हणणं साधं होतं: जागा भाड्याने द्या, महिन्याला पैसे येतील, डोक्याला ताप नाही.

मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अरे, एआयने आवाज साफ होतोच ना. मग खोलीवर खर्च कशाला? सगळे पैसे माइकमध्ये घालतो."

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे "हो, होतं सगळं" असं उत्तर माझ्याकडून अपेक्षित होतं. पण उत्तर "नाही" आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे.

हे आत्ताच का घडतंय?

दोन गोष्टी एकाच वेळी चालल्यात. एकीकडे बाजारपेठांमधल्या जुन्या इमारतींचं काम संपत चाललंय. कापड, पुस्तकं, इलेक्ट्रॉनिक्स यांची बरीच खरेदी फोनवर गेली. एकपडदा थिएटरं एकेक करून बंद पडली. जागा आहेत, पण त्यांत काय करायचं ते कळत नाही.

दुसरीकडे गाणं बनवणं फोनवर आलंय. दोन ओळी लिहिल्या की गाणं तयार करून देणारी ॲप आहेत. अशा सुनो आणि उडिओ या दोन कंपन्यांवर जून २०२४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तिन्ही बड्या म्युझिक कंपन्यांनी अमेरिकेत खटले भरले. आमची गाणी न विचारता वापरून मॉडेल शिकवली, हा आरोप. पुढे २०२५ मध्ये त्यांतल्या काहींनी समझोते करून परवान्याचा रस्ता धरला. म्हणजे ही ॲप आता जाणार नाहीत.

मग स्टुडिओ कशाला? माझं मत असं: जे गाणं फोनवर एकट्याने होतं, त्यासाठी लोक स्टुडिओचे पैसे देणं कमी करत जातील. पैसे देतील ते फोनवर होत नाही त्यासाठी. बारा माणसांचं भजनी मंडळ टाळ-मृदंगासह एकत्र वाजवतंय, हे बेडरूममध्ये होत नाही. म्हणजे विकायची वस्तू माइक नाहीच. विकायची वस्तू आहे खोली.

मेम्फिसचं उतरतं थिएटर

जुन्या व्यापारी इमारतीतून स्टुडिओ झाल्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातलं आहे. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन हे भाऊ-बहीण, दोघंही बँकेत नोकरीला. टेप रेकॉर्डर घेण्यासाठी एस्टेलबाईंनी घर गहाण ठेवलं. १९६० मध्ये त्यांनी कॅपिटॉल नावाचं बंद पडलेलं थिएटर भाड्याने घेतलं. पुढे दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं स्टॅक्स.

खुर्च्या काढल्या. मोठा हॉल पडदी घालून विभागला. पडदा होता त्या स्टेजवर कंट्रोल रूम केली. थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती असते, ती मात्र सपाट केली नाही, तशीच ठेवली. पुढच्या भागात, जिथे मध्यंतरात खाऊ विकला जायचा, तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान थाटलं. गल्लीतली पोरं तिथे येऊन गाणी ऐकायची. कुठल्या गाण्यावर पाय हलतात ते बाईंना काउंटरवरूनच कळायचं.

उतरत्या जमिनीचा फायदा काय? खाली जमीन आणि वर छत समांतर असले की टाळीचा आवाज दोघांमध्ये चेंडूसारखा उडत राहतो आणि कानाला "झर्रर्र" असा पत्र्यासारखा ऐकू येतो. एक बाजू तिरकी असली की ही उडी मोडते, आवाज पसरतो. वर मोठा हॉल, त्यामुळे आवाजाला मोकळं व्हायला जागा. 'ग्रीन अनियन्स' १९६२ मध्ये याच खोलीत वाजलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका बँडला गाडीतून घेऊन आलेल्या ओटिस रेडिंगला उरलेल्या वेळेत गायला मिळालं, आणि तो स्टॅक्सचा सगळ्यात मोठा गायक झाला.

लक्षात घ्या, ही खोली कोणी संगीतासाठी बांधली नव्हती. इमारतीने फुकट दिलेल्या गोष्टी, म्हणजे उंची, आकारमान आणि तिरकी जमीन, त्यांनी राखून ठेवल्या एवढंच.

२०० चौरस फुटांचा सापळा

आता आपल्याकडचा नेहमीचा गाळा घ्या. १० फूट रुंद, २० फूट लांब, १० फूट उंच. मित्राला स्टुडिओ करायचा होता तो रस्त्याकडचा गाळा अगदी याच मापाचा.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर दुप्पट करा आणि ३४३ ला त्याने भागा. जी फ्रिक्वेन्सी येते, तिला त्या भिंती सगळ्यात जास्त घुमवतात.

१० फूट म्हणजे ३.०५ मीटर. उत्तर येतं साधारण ५६ हर्ट्झ. उंचीही १० फूट, म्हणजे परत ५६. लांबी २० फूट, तिचं उत्तर २८ आणि त्याची दुप्पट पुन्हा ५६. तिन्ही दिशांनी तोच सूर घुमतो! बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे या गाळ्यात ती तार छेडली की एका कोपऱ्यात कानठळ्या बसतील आणि खोलीत काही ठिकाणी ती जवळजवळ ऐकूच येणार नाही. मिक्सिंग करणारा जिथे बसलाय तिथे बेस कमी ऐकू आला तर तो वाढवून ठेवणार, आणि मग तेच गाणं गाडीत वाजवलं की काचा थरथरणार.

यावर फोम लावला तर? ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी ६ मीटरहून जास्त आहे. दोन इंचाच्या फोमला ती लहर दिसतही नाही. फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो. त्यामुळे खोली "स्टुडिओसारखी" वाटते, पण खालचा घुमारा तसाच राहतो. बेससाठी जाड, खोल शोषक लागतात. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे गठ्ठे भरावे लागतात. छोट्या खोलीत तेच निम्मी जागा खातात.

मग एआय काय करतो?

बरंच काही करतो, हे मान्य. २ नोव्हेंबर २०२३ ला बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरी कॅसेटवर केलेल्या रेकॉर्डिंगमधून मशीन लर्निंगने त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढला होता.

हे कसं होतं? आवाजाचं एक चित्र बनवतात: आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष फ्रिक्वेन्सीचा. मॉडेल त्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याबद्दल अंदाज करतं की हा गायकाचा की गोंगाटाचा. गोंगाटाचे ठिपके पुसले जातात. जिथे दोन्ही एकमेकांत मिसळलेत, तिथे मॉडेल आधी ऐकलेल्या हजारो तासांच्या आवाजांवरून तर्क करतं.

अडचण इथेच आहे. बहुतेक मॉडेल बोलण्यावर शिकलेली असतात. त्यांच्या दृष्टीने सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट. आता तानपुरा काय आहे? सतत एकसारखा चालणारा आवाज! लॉकडाऊनमध्ये ज्यांनी ऑनलाइन गाणं शिकलं त्यांना हे पक्कं आठवत असेल. गुरुजींकडून तानपुरा सुरू व्हायचा आणि दोन सेकंदांत ॲप तो गिळून टाकायचं. मग झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' शोधून चालू करावं लागायचं. पंख्याची घरघर आणि तानपुऱ्याचा सूर यांतला फरक तुमच्या आजीला कळतो, ॲपला कळेलच असं नाही.

आणि एआय जे करूच शकत नाही अशा तीन गोष्टी आहेत. एक, गाताना गायकाला खोली जशी ऐकू येते, तसा तो गातो. ते नंतर दुरुस्त होत नाही. दोन, बारा माणसांचा आवाज बारा माइकमध्ये एकमेकांत मिसळतो, तो पूर्ण सोडवता येत नाही. आणि तीन, तुमच्या ढोलकीचा शेजाऱ्याकडे गेलेला आवाज कुठलंही ॲप परत आणत नाही.

आवाज अडवणं वेगळं, शोषणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. खोलीतला घुमारा कमी करणं हे एक काम. आवाज आत-बाहेर जाऊ न देणं हे पूर्ण वेगळं काम. पहिल्याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. दुसऱ्याला वजन लागतं, आणि फटी बंद लागतात. अंड्यांचे ट्रे लावून शेजाऱ्याची झोप वाचत नाही.

जुन्या इमारतींची जाड विटांची भिंत इथे सोनं आहे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते. पण त्याच भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली, दाराखालची फट, एसीच्या पाइपचं भोक, रोलिंग शटर, तर सगळी मिळून जेमतेम २० डेसिबल अडवते. नव्व्याण्णव टक्के भिंत चांगली असून उपयोग नाही.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे व्यापारी भागात मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र म्हणजे १० ते ६. बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर असतं. त्यामुळे आपली जागा कागदावर कशात मोडते आणि वापर बदलायला काय लागतं, हे नगरपालिकेत आधी विचारा.

आणि वजन. स्टुडिओत जमिनीवर रबराचे पॅड ठेवून वर काँक्रीटचा वेगळा थर घालतात. २०० चौरस फुटांवर तीन इंचाचा थर म्हणजे जवळपास साडेतीन टन, भिंती आणि माणसं सोडून. लाकडी वाशांच्या माळ्यावर हा विचारसुद्धा करू नका. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्या गावात कोणी मागितलं नाही तरी इंजिनिअरला एकदा दाखवा.

पाणी आणि आग

जुनी इमारत आपली गुपितं काम सुरू झाल्यावर सांगते. जिमी हेंड्रिक्सने १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधला बंद पडलेला नाइट क्लब आपल्या मॅनेजरसोबत विकत घेतला. तिथे 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओ करताना कळलं की खालून जुना ओढा वाहतोय. तळघरात पाणी भरलं, काम लांबलं, पंप बसवावे लागले, आणि त्या पंपांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून पंपांनाच साउंडप्रूफ करावं लागलं. स्टुडिओ २६ ऑगस्ट १९७० ला उघडला. १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स गेला. स्टुडिओ आजही चालू आहे, पण त्याला तिथे जेमतेम काही आठवडे मिळाले.

आग त्याहून वाईट. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइट क्लबमध्ये आवाजासाठी भिंतीला लावलेल्या फोमने आतषबाजीच्या ठिणगीने पेट घेतला. १०० माणसं गेली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण गेले. तिथेही जुन्या गिरणीच्या जागेत नवे धंदे उभे राहिले होते. स्टुडिओ म्हणजे मुद्दाम बंद केलेली खोली, एकच दार, खिडकी नाही. त्यात स्वस्त फोम, जुनं वायरिंग आणि एसीचा लोड. दुसरं दार, न पेटणारं रॉकवूल आणि नवीन वायरिंग हे खर्चाच्या यादीत सगळ्यात वर पाहिजे. शिवाय साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. तिची सोय वेगळी करावी लागते.

फोनवर करता येईल अशी तपासणी

शनिवारी मी गावी गेलो. आमच्याकडे दोन फोन आणि मांडववाल्याकडून आणलेला एक स्पीकर एवढंच होतं. तुम्हीही हे करू शकता.

१. टाळी वाजवा. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एकच जोरात टाळी. गाळ्यात लांब "झर्रर्र" आली. गोडाऊनमध्ये आवाज लांबला, पण झणझणला नाही.

२. चार वेळांना जा. सकाळी, बाजाराच्या दिवशी दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करा. साउंड मीटर ॲपचा आकडा फोनप्रमाणे चुकतो, पण त्याच फोनवरच्या दोन वेळांमधला फरक उपयोगी असतो. आवाज आपोआप साफ करणारी सेटिंग बंद ठेवा, नाहीतर फोनच तुम्हाला फसवेल.

३. मोठा स्पीकर लावून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा टोन वाजवा आणि खोलीभर फिरा. फोनचा स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. गाळ्यात ५६ च्या आसपास शटर थरथरायला लागलं. मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही.

४. आत जोरात गाणं लावा, दार बंद करून बाहेर शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहा.

५. रात्री आत दिवा लावा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड येतो तिथून हवा येते, आणि जिथून हवा येते तिथून आवाजही येतो.

गोडाऊन ३२ बाय १८ फुटांचं, भिंती जाड, छप्पर एका बाजूला १२ फूट आणि दुसऱ्या बाजूला १६ फूट. थोडक्यात, मेम्फिसची उतरती जमीन इथे वरच्या बाजूला होती. पण दोन वांधे निघाले. सामाईक भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे, ती सकाळी दहाला सुरू होते आणि तिची थरथर भिंतीतून पायाला लागते. आणि छप्पर पत्र्याचं आहे. पावसाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको.

मग काय ठरलं?

कार्ट रिकामी केली. पुढचे दोन्ही गाळे भाड्याने द्यायचे, एक मेडिकलवाल्याने मागितलाय. स्टुडिओ मागे गोडाऊनमध्ये, पण लगेच नाही. आधी पावसाळा बघायचा. जून ते ऑगस्ट वेगवेगळ्या पावसात आत रेकॉर्ड करून ठेवायचं, म्हणजे पत्र्याखाली किती वजनाचं दुसरं छत लागेल ते इंजिनिअरला सांगता येईल. गिरणीवाल्या मामांशी बोलून झालंय. त्यांना दुपारी दोन ते पाच गिरणी बंदच ठेवायची असते. तेवढ्यात भजनी मंडळाचं एक सत्र बसतं. गिरणीच्या पायाखाली रबर घालायचा खर्च आपण करू, असंही मित्राने त्यांना सांगितलंय, कारण थरथर जिथे सुरू होते तिथे अडवणं भिंत बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

माइकचं बजेट निम्म्याहून कमी झालं. ते पैसे दोन जड दारं, रॉकवूल आणि वायरिंगकडे गेले.

निघताना काकांनी विचारलं, "आणि नाहीच चाललं तर?" मी म्हटलं, "काका, पक्कं छप्पर, नवीन वायरिंग, दोन दारांचं गोडाऊन राहील. ते भाड्याने जाईल." त्यांनी मान हलवली आणि कुलपाची एक किल्ली मित्राच्या हातात दिली. पहिल्या पावसाचं रेकॉर्डिंग त्याने पाठवलंय. मिनिटभर नुसता ताशा वाजतोय.